लाली झाकण्याआधी

राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलातून कोंडाण्याची लेणी पाहायला चढलेल्या कुणाचाही चेहरा वर पोहोचेपर्यंत लालबुंद होतो. लेण्यांच्या सावलीत थोडा वेळ टेकले, पाणी प्यायले की तो पूर्ववत होतो. अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि काम झाले की आकसतात, इतकेच. काहींच्या चेहऱ्यावरून मात्र ही लाली उतरतच नाही. गाल, नाक, कपाळ, हनुवटी यांवर ती महिनोन्‌महिने ठाण मांडते. उन्हातून आले, चुलीपुढे बसले, कढत चहा घेतला किंवा तिखट खाल्ले की भडकते. जोडीला आग, टोचल्याची भावना आणि कधी बारीक पुळ्या. या विकाराला रोझेशिया म्हणतात.

हा गोऱ्या युरोपीय लोकांचा आजार, अशी समजूत बराच काळ होती. ती चुकीची आहे. सावळ्या कातडीवर लाली तपकिरी किंवा काळपट दिसते, म्हणून ती ओळखू येत नाही. मग कुणी तिला ॲलर्जी म्हणते, कुणी ‘ऊन बाधले’ म्हणते, तर चाळिशीतल्या बाईला मुरुमाचे मलम दिले जाते. रोझेशिया बहुधा तिशीनंतर दिसू लागतो. स्त्रियांमध्ये तो जास्त आढळतो, पण नाकाची कातडी जाड, ओबडधोबड होण्याचा प्रकार पुरुषांत अधिक. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

लग्नसराईत, नोकरीच्या मुलाखतीला किंवा शाळेत वर्गापुढे उभे राहताना ही लाली झाकावीशी वाटणे यात नटवेपणा काही नाही. ‘तोंडाला काय झालं?’ हा प्रश्न दिवसातून चार वेळा ऐकणाऱ्याला त्याचा जाच ठाऊक असतो. चेहऱ्यावरचे डाग झाकण्यासाठी खास मेकअप वापरण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत लिडिया ओलिअरी यांनी स्वतःच्या चेहऱ्यावरचा जन्मजात लाल डाग झाकण्यासाठी १९२८च्या सुमारास असे प्रसाधन तयार केले होते.

लाली झाकायला हिरव्या छटेचे कन्सीलर लावा, असे नेहमी सांगितले जाते. रंगचक्रात हिरवा लालच्या समोर येतो आणि दोन्ही एकमेकांना मारतात, हे खरे. पण हा सल्ला गोऱ्या कातडीसाठी आहे. गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यावर हिरवा थर राख फासल्यासारखा दिसतो. तिथे पिवळसर छटा आणि त्यावर आपल्या रंगाला जुळणारे फाउंडेशन बरे. त्याहून सोपा उपाय म्हणजे रंगीत सनस्क्रीन. त्यातले झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड ऊन अडवते आणि लोहाच्या ऑक्साइडचा रंग लाली झाकतो. रोझेशिया भडकवणाऱ्या गोष्टींत ऊन पहिल्या रांगेत असल्याने एसपीएफ ३० किंवा जास्तीचे सनस्क्रीन तसेही लागतेच.

सुवास, अल्कोहोल, मेंथॉल, कापूर किंवा निलगिरी असलेली प्रसाधने टाळावीत. ‘थंड वाटते’ म्हणून लावलेले मेंथॉल अशा कातडीची आग वाढवते. नवी वस्तू आधी कानामागे किंवा मानेच्या कडेला दोन-तीन दिवस थोडी लावून पाहावी. लावताना बोटांनी टिपत लावावी, घासू नये. रात्री सौम्य क्लेन्झर आणि कोमट पाण्याने काढावी. टॉवेलने खसखसून पुसणे किंवा स्क्रब वापरणे म्हणजे दिवसभर जपलेले रात्री घालवणे.

खरा धोका मात्र मेकअपच्या डबीत नसतो, औषधाच्या दुकानातून आणलेल्या ट्यूबमध्ये असतो. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइड असलेली मलमे चेहऱ्याला लावली की रक्तवाहिन्या आकसतात आणि आठवडाभरात चेहरा उजळ, नितळ दिसतो. शेजारणीला सांगण्याजोगा गुण! काही महिन्यांत कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात. मलम थांबवले की लाली पूर्वीपेक्षा जोरात उसळते. म्हणून पुन्हा मलम. रोझेशिया मुळात नव्हता, अशा चेहऱ्यावरही त्याच्यासारखाच विकार अशा मलमांनी ओढवतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या ‘शेड्यूल एच’ यादीत आणली. तरीही गोरेपणाच्या नावाखाली ती हातोहात जातात. बरेच दिवस लावलेले मलम मनाने एकदम सोडू नये. ते कसे सोडायचे हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवतात.

प्रत्येक लाली रोझेशियाची नसते, हेही ध्यानात ठेवावे. गालांवर फुलपाखरासारखी लाली, सोबत सांधेदुखी, ताप, तोंडात व्रण असतील तर ल्युपसची तपासणी हवी. लालसर, चकाकणाऱ्या चट्ट्यावर स्पर्श कमी जाणवत असेल तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो. असे चट्टे मेकअपखाली वर्षभर झाकून ठेवले तर नसांचे नुकसान मात्र भरून येत नाही.

रोझेशिया मुळापासून जात नसला तरी मेट्रोनिडॅझोल, आयव्हरमेक्टिन, ॲझेलेक ॲसिड ही लावण्याची औषधे आणि गरजेप्रमाणे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या यांनी आटोक्यात राहतो. नुसती वाढलेली शिरांची जाळी लेझरने कमी करता येते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपत असेल, डोळे लाल राहत असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण रोझेशिया डोळ्यांतही उतरतो. तपासणीच्या दिवशी चेहरा धुऊन, काहीही न लावता जावे. लाली भडकलेली असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि आजवर वापरलेल्या सगळ्या मलमांच्या ट्यूब, अर्ध्या पिळलेल्या असल्या तरी, पिशवीत घालून सोबत न्याव्यात.