खेळाडूला ठाऊक, पात्राला अज्ञात

प्रशियाच्या सैन्यातील गेऑर्ग फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली लष्करी शिक्षणासाठी जो युद्धखेळ सिद्ध केला, त्यात दोन्ही पक्षांचे सेनापती आपापले हुकूम कागदावर लिहून पंचाच्या स्वाधीन करीत, आणि ज्या पलटणी त्या सेनापतीच्या खरोखरच दृष्टीस पडल्या असत्या तेवढ्याच पंच नकाशावर मांडी. सेनापतीला जे अज्ञात ते खेळणाऱ्यालाही अज्ञातच राही, त्यामुळे वादाला जागाच नव्हती. पंचाची ही परंपरा अमेरिकेत मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली आणि डेव्ह आर्नेसन यांच्यापर्यंत पोहोचली, आणि १९७४ साली गॅरी गायगॅक्स व आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला तेव्हा पंचाचा सूत्रधार झाला. पण आता खेळाडू एका लढाईपुरता सेनापती राहिला नव्हता. तो महिनोन्महिने एकाच पात्राच्या रूपाने वावरे, ते पात्र मेले की दुसरे घेऊन त्याच तळघरात उतरे, आणि पहिल्याच्या मरणाने जे शिकवले ते दुसऱ्याच्या उपयोगी पडू द्यावे की नाही, हा पेच तेव्हापासून या खेळाच्या मागे लागला.

आरंभीच्या मंडळींना मात्र तो पेच वाटला नाही. गायगॅक्सने १९७५ च्या ‘ओरिजिन्स’ संमेलनातील स्पर्धेसाठी रचलेल्या ‘टूम्ब ऑफ हॉरर्स’ या थडग्यात एका भिंतीवर हिरव्या सैतानाचे मुख कोरलेले आहे; त्याच्या उघड्या जबड्यातील काळोखात जो शिरेल तो समूळ नाहीसा होतो, फासे टाकून वाचण्याची मुभाही त्याला नाही. तेथे पात्राची नव्हे, खेळाडूच्या स्वतःच्या बुद्धीची परीक्षा होती, आणि पूर्वानुभव ही त्याची रास्त कमाई मानली जाई.

पुढे १९७७ मध्ये राक्षसांची सचित्र जंत्रीच ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या नावाने बाजारात आली आणि ज्ञानाचा बंदोबस्त अशक्य झाला. ट्रोल नावाच्या राक्षसाचे घाव आपोआप भरून येतात, त्याला अग्नी किंवा आम्लच कायमचा संपवू शकतो, हे आता जुन्या खेळाडूंत कोणाला ठाऊक नाही? समजा, असा एक मुरलेला खेळाडू, गावाबाहेर कधी पाऊल न टाकलेल्या शेतकरीपुत्राची भूमिका घेऊन ट्रोलसमोर उभा आहे आणि त्याच्या डाव्या हातात पेटता पलिता आहे. त्याने पलिता लगेच टेकवला तर सोबती हरकत घेतात. म्हणून तो तलवारीचे तीन वार फुकट घालवतो आणि चौथ्या वेळी, जणू आताच सुचल्याप्रमाणे, पलिता पुढे करतो. पण ते तीन वारही त्या ज्ञानानेच मोजून दिलेले नाहीत काय? ज्याला खरोखर काही ठाऊक नाही, तो भीतीपोटी हाताला येईल ते पहिल्याच क्षणी फेकील, कदाचित पलिताच. अज्ञानाचे सोंग हे अज्ञान नव्हे, आणि म्हणूनच निव्वळ मनाईहुकमाने हा प्रश्न सुटत नाही, असे माझे ठाम मत आहे. दुर्वासाचा शाप नटाला पाठ असतो, तरी रंगभूमीवरचा दुष्यंत शकुंतलेला ओळखत नाही. पण नटाच्या विस्मृतीची जबाबदारी संहितेने उचललेली असते, आणि या खेळातील खेळाडूला असा लेखी आधार कोठेच नसतो.

नंतरच्या रचनाकारांनी निरनिराळ्या तजविजी करून पाहिल्या. ‘कॉल ऑफ क्थुलू’ने १९८१ साली निषिद्ध विद्येला पात्राच्या कागदावर टक्क्यांत स्थान दिले आणि ती जितकी वाढेल तितकी मानसिक स्वास्थ्याची कमाल मर्यादा घटवली, ज्ञान हा लाभही आणि हानीही, ही योजना मला आजही अत्यंत मार्मिक वाटते. १९८४ च्या ‘पॅरानोइया’त तर आपल्या दर्जाबाहेरचे नियम ठाऊक असल्याचे दाखवणे हाच राजद्रोह ठरला. २००० सालच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीत विद्येच्या शाखावार कौशल्यांवर फासे टाकून पात्राला काय माहीत आहे याचा निवाडा होऊ लागला, वाद मिटले खरे, पण त्याबरोबर खेळाडूची जिज्ञासाही काहीशी फाशांच्या स्वाधीन झाली.

खरे वळण त्यानंतरचे. व्हिन्सेंट बेकरने २००४ च्या ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’मध्ये गावाची पापे दडवून न ठेवता ती आपणहून उघड करण्याचा उपदेश सूत्रधाराला केला, आणि २००९ च्या ‘फियास्को’त सूत्रधारच उरला नाही: आपले पात्र खड्ड्यात पडणार हे खेळाडू जाणतो, आणि जाणूनच त्याला तिकडे नेतो. दुसरीकडे, २००८ मध्ये मॅट फिंचने जुन्या पद्धतीच्या खेळाची जी छोटी मार्गदर्शिका लिहिली, तिने खेळाडूच्या बुद्धीचा मान पुन्हा प्रस्थापित केला. या दोन्ही वाटा परस्परविरुद्ध भासल्या, तरी खेळाडूच्या ज्ञानाला गुन्हा न समजण्यात त्या एक आहेत.

तेव्हा, सूत्रधारहो, आपला खेळ यांपैकी कोणत्या वाटेचा, हे पहिल्या बैठकीतच सर्वांदेखत ठरवून घ्या. आणि कोणी पलिता उचललाच, तर त्याला दटावण्याऐवजी, “तुझ्या पात्राला हे कुणी सांगितलं?” एवढेच विचारा; तो ज्या आजीचे किंवा वाटसरूचे नाव घेईल, ते आपल्या कथेत लिहून ठेवा.