एक शब्द टाइप केला की अख्खं मशीन ताब्यात : कर्नल बनवताना एक दार उघडं राहिलं तर काय होतं?

मे २०१६ ची गोष्ट. ऑलविनर ही चिप बनवणारी चिनी कंपनी. तिच्या चिप स्वस्तातल्या टॅबलेटमध्ये, टीव्ही बॉक्समध्ये आणि ऑरेंज पाय, बनाना पाय यांसारख्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डांमध्ये बसवलेल्या असायच्या. अशा बोर्डांसाठी लिनक्स तयार करणाऱ्या आर्मबियन प्रकल्पातल्या मंडळींनी अचानक लोकांना सावध केलं. कारणच तसं होतं.

कंपनीने दिलेल्या ३.४ आवृत्तीच्या कर्नलमध्ये एक छोटीशी फाइल होती. तिच्यात ‘रूटमायडिव्हाइस’ एवढा एकच शब्द लिहिला की लिहिणारा प्रोग्राम त्याच क्षणी ‘रूट’ व्हायचा. रूट म्हणजे मशीनचा मालक. तो कुठलीही फाइल वाचू शकतो, काहीही पुसू शकतो, काहीही बसवू शकतो. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, काही नाही. साधं गेमचं ॲप असलं तरी तो शब्द लिहू शकत होतं.

हे कुणा हॅकरने बाहेरून घुसवलेलं नव्हतं. फाइलच्या नावातच ‘डीबग’ हा शब्द होता. डीबग म्हणजे चुका शोधणं. घर बांधताना गवंडी सामान आत नेण्यासाठी भिंतीत एक भगदाड ठेवतात आणि काम झालं की बुजवतात. इथे बुजवायचं राहून गेलं आणि घर विकलंसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी गोष्ट राहून कशी जाते? त्यासाठी कर्नल बनतो कसा ते बघायला लागतं.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कुणाला द्यायची, कॅमेरा कुणी वापरायचा, कुठल्या ॲपने कुठली फाइल उघडायची, हे सगळं तो ठरवतो. अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात लिनक्सचा कर्नल असतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. सोर्स कोड खुला, सगळ्यांना सारखाच. त्याच कोडपासून घरातला वायफाय राउटर चालतो आणि महासंगणकही चालतो.

एकाच कोडपासून इतक्या वेगळ्या वस्तू निघतात, कारण कर्नल बनवण्याआधी एक भलीमोठी प्रश्नावली भरावी लागते. निळ्या पडद्यावर मेनू उघडतो. प्रत्येक ओळीपुढे चौकोनी कंस. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’, आणि काही ठिकाणी तिसरा पर्याय ‘मॉड्यूल’, म्हणजे हा भाग बाजूला ठेवा, लागेल तेव्हा जोडू. असे पर्याय दहा हजारांहून जास्त आहेत. प्रत्येकाखाली मदतीचा मजकूर असतो आणि त्याच्या शेवटी अनेकदा एक साधा सल्ला : खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा. काही ठिकाणी उलट, खात्री नसेल तर ‘होय’ म्हणा. जगातल्या सगळ्यात किचकट सॉफ्टवेअरपैकी एक बनवताना माणसाला असा आजीसारखा सल्ला मिळतो, हे गमतीचं आहे. पण सगळी गडबड तिथेच असते, कारण दहा हजार ओळी डोळ्यांत तेल घालून कुणी वाचत नाही. मागच्या मॉडेलची यादी उचलायची, चार ओळी बदलायच्या, पुढे जायचं.

सील तुटलं की थांबायचं

सुरक्षेच्या पर्यायांमधला सगळ्यात जुन्यांपैकी एक म्हणजे स्टॅक प्रोटेक्टर. कोडचा एखादा तुकडा बाहेरून आलेली माहिती ठेवायला ठरावीक जागा आखतो, समजा शंभर अक्षरांची. हल्लेखोर मुद्दाम दोनशे अक्षरं पाठवतो. जादाची अक्षरं शेजारच्या जागेत सांडतात, आणि शेजारी नेमका पत्ता लिहिलेला असतो : काम झाल्यावर परत कुठे जायचं. तो पत्ता बदलला की कर्नल हल्लेखोराच्या मर्जीने चालायला लागतो.

उपाय सोपा आहे. जागा आणि पत्ता यांच्या मध्ये एक मनाला येईल तो आकडा ठेवायचा आणि परतताना तो तसाच आहे का ते बघायचं. औषधाच्या बाटलीचं सील तुटलं असेल तर आपण औषध घेत नाही, तसंच. या आकड्याला ‘कॅनरी’ म्हणतात. पूर्वी कोळशाच्या खाणीत विषारी वायू कळावा म्हणून कॅनरी पक्षी नेत, त्यावरून हे नाव आलं.

मग सगळीकडे सील का लावत नाहीत? प्रत्येक सील तपासायला वेळ लागतो आणि जागाही लागते. साध्या पर्यायात कर्नलच्या जेमतेम ३ टक्के फंक्शनना सील लागायचं. सगळ्यांना लावलं तर काम जड व्हायचं. शेवटी गूगलच्या इंजिनिअरांनी मधला मार्ग काढला. धोका खरोखर जिथे आहे तिथेच सील, पण जुन्यापेक्षा बऱ्याच जास्त ठिकाणी. हा ‘स्ट्राँग’ पर्याय २०१४ मध्ये कर्नलच्या ३.१४ आवृत्तीत आला. मदतीच्या मजकुरातला हिशोब असा : सुमारे २० टक्के फंक्शनना संरक्षण आणि कोडचा आकार सुमारे २ टक्क्यांनी जास्त. एका ओळीवर ‘होय’ म्हटलं की एवढा फरक.

प्रत्येक ‘होय’चं बिल येतं

लॉजच्या खोलीत शिरल्यावर आधीच्या पाहुण्याची कागदपत्रं टेबलावर पडलेली दिसली तर? कॉम्प्युटरच्या मेमरीत हे रोज होऊ शकतं. एका प्रोग्रामने सोडलेली जागा दुसऱ्याला मिळते, आणि तिच्यात पहिल्याचा पासवर्ड शिल्लक असू शकतो. २०१९ च्या ५.३ आवृत्तीत यावर दोन पर्याय आले. पहिला, पाहुणा येण्याआधी खोली झाडायची. दुसरा, पाहुणा गेल्या-गेल्या झाडायची. पहिल्याने वेग बहुतेक कामांत १ टक्क्याहूनही कमी घटतो, मुद्दाम ताण दिलेल्या चाचण्यांत ७ टक्क्यांपर्यंत. दुसऱ्याने साधारण ३ ते ५ टक्के, चाचण्यांत ८ पर्यंत. दुसरा जास्त कडक आहे, पण महागही आहे. फोन विकणाऱ्याला बेंचमार्कचे आकडे जाहिरातीत छापायचे असतात आणि सर्व्हर चालवणाऱ्याला विजेचं बिल भरायचं असतं. तेव्हा कुठल्या ओळीवर हात आखडता घेतला जातो, हे सांगायला नको.

या हिशोबातला सगळ्यात कडू घास जानेवारी २०१८ मध्ये जगाने गिळला. मेल्टडाउन नावाचा दोष उघड झाला. चूक लिनक्सची नव्हती, प्रोसेसरमध्येच होती. साधा प्रोग्राम कर्नलच्या मेमरीत डोकावू शकत होता. त्यावर उपाय म्हणून प्रोग्राम चालू असताना कर्नलची जवळजवळ सगळी मेमरी नकाशावरूनच पुसायची असं ठरलं. कर्नलला हाक मारली की नकाशा बदलायचा, परतताना पुन्हा बदलायचा. ज्या कामात कर्नलला सतत हाका माराव्या लागतात, उदाहरणार्थ डेटाबेस, तिथे मशीन मंदावल्याचं लोकांना सरळ जाणवलं. तरी बहुतेकांनी ‘होय’च म्हटलं, कारण दुसऱ्या बाजूला भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवरचे शेजारी होते.

त्यामानाने पत्ते बदलण्याची युक्ती स्वस्त. चाळीत चोरी करायची तर कुठल्या खोलीत काय आहे हे आधी माहीत हवं. मशीन सुरू होताना दर वेळी खोल्यांचे नंबरच बदलले तर चोर चाचपडत राहतो. कर्नल मेमरीत कुठे बसणार हे असं दर वेळी बदलण्याचा पर्यायही ३.१४ मध्येच आला आणि २०१७ मध्ये इंटेल-एएमडीच्या मशीनवर तो न मागता चालू राहू लागला. पण कर्नलच्या नोंदवहीतून एखादा जरी पत्ता बाहेर फुटला तर सगळी मेहनत पाण्यात. त्यामुळे ती नोंदवही कुणालाही वाचता येऊ नये यासाठी वेगळी ओळ आहे, आणि तिच्यावरही कुणीतरी ‘होय’ म्हणावं लागतं.

जिथे उत्तर ‘नाही’ असायला हवं

ऑलविनरच्या गोष्टीत कमतरता कुलपाची नव्हती, जास्तीचं दार होतं. कर्नलच्या यादीत अशी दारं भरपूर आहेत. मशीनची सगळी मेमरी एका फाइलसारखी उघडून देणारा पर्याय आहे, चालू कर्नल थांबवून आत डोकावू देणारा डीबगर आहे. इंजिनिअरच्या टेबलावर ही उपयोगी हत्यारं, गिऱ्हाइकाच्या खिशात नकोत. डिसेंबर २०१२ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-३ आणि नोट-२ च्या एक्झिनॉस चिप असलेल्या फोनमध्ये नेमकं असंच दार सापडलं होतं. मेमरीला हात लावू देणारी एक फाइल कुठल्याही ॲपसाठी उघडी होती. सुमारे साडेतीन वर्षांनी ऑलविनरच्या वेळी जाणकारांना नवल वाटलं नसणार.

मॉड्यूलचंही तसंच. चालू कर्नलला नंतर जोडलेला तुकडा कर्नलचाच भाग होतो, म्हणजे त्यालाही सगळे अधिकार. म्हणून सही नसलेला तुकडा आत घेऊ नका असं सांगणारा पर्याय २०१२ च्या ३.७ आवृत्तीत आला. २०१९ मध्ये ५.४ सोबत ‘लॉकडाउन’ आलं, ज्यात खुद्द रूटलासुद्धा चालू कर्नलमध्ये ढवळाढवळ करता येत नाही. घरमालकालाही पाया खणायची बंदी. ग्राफिक्स कार्डाचा बाहेरचा ड्रायव्हर बसवताना ‘सही नाही’ म्हणून अडकलेल्या लिनक्सवाल्यांनी या कडकपणाला शिव्याही भरपूर घातल्यात.

आणि काही ओळी अशा आहेत की ‘होय’ म्हटलं तरी पंचाईत, ‘नाही’ म्हटलं तरी पंचाईत. ‘युजर नेमस्पेस’ हा त्यातला बादशहा. साध्या वापरकर्त्याला स्वतःपुरती एक वेगळी खोली मिळते आणि त्या खोलीत तो नावापुरता रूट असतो. लिनक्सवर क्रोम ब्राउझर याच सोयीने वेबसाइटला पिंजऱ्यात ठेवतो. पण त्या खोट्या रूटला कर्नलच्या अशा कोपऱ्यांपर्यंत हात पोचवता येतो जिथे एरवी फक्त खऱ्या मालकालाच प्रवेश असायचा. जानेवारी २०२२ मध्ये उघड झालेल्या एका गंभीर दोषाचा फायदा साध्या वापरकर्त्याला याच वाटेने घेता येत होता. डेबियनने साध्या वापरकर्त्यांसाठी हे दार बरीच वर्षं बंद ठेवलं आणि २०२१ च्या ११ व्या आवृत्तीत उघडलं. दोन्ही निर्णयांना कारणं होती आणि दोन्हींवर लोक भांडले.

भांडणं वरच्या पातळीवरही होतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये कर्नलच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या केस कूक यांनी मेमरीची नक्कल करताना जास्त कडक तपासणी करणारा कोड पाठवला. टोरवाल्ड्सने तो घेतला नाही आणि वर चांगलंच झापलं. त्याचं म्हणणं, नियम मोडलेला दिसताच लोकांचा चालता प्रोग्राम ठार करणारी सुरक्षा कामाची नाही. आधी इशारा द्या, चुका दुरुस्त होऊ द्या, मग कडक व्हा. त्याची भाषा कडवट होती, पण मुद्दा चुकीचा नव्हता. फोन वारंवार बंद पडायला लागला तर वैतागलेला माणूस तो पर्यायच काढून टाकेल. पुढे २०१८ च्या ४.१६ मध्ये तोच कोड आला, आधी इशारा देणारी सोय जोडूनच.

यादी नीट भरली तरी एक गोम उरते. एखादा पर्याय दुसऱ्यावर अवलंबून असतो. तो दुसरा बंद असेल तर तुम्ही लिहिलेला ‘होय’ अंतिम फाइलमधून गुपचूप गायब होतो, चूक दाखवणारा संदेशही येत नाही. म्हणून जाणकार मंडळी काय मागितलं यापेक्षा शेवटी काय मिळालं ते तपासतात. त्यासाठी ‘कर्नल हार्डनिंग चेकर’ नावाचं फुकट साधन आहे. ते अंतिम यादी वाचून कुठली ओळ कच्ची आहे ते सांगतं. घरी लिनक्स असेल तर ही यादी बहुधा ‘बूट’ फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’पासून सुरू होणाऱ्या फाइलमध्ये सापडते. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते.

फोनवाल्यांचं काय? फोनच्या कर्नलची यादी गिऱ्हाइकाच्या हातात नसते. चिप कंपनी ती भरते, मग फोन कंपनी त्यात बदल करते, आणि आपल्यापर्यंत फक्त डबा येतो. गूगलने ही साखळी हळूहळू आखूड केली. आधी अँड्रॉइडसाठी कुठल्या ओळी ‘होय’ आणि कुठल्या ‘नाही’ असायलाच हव्यात हे ठरवून दिलं आणि तपासायला सुरुवात केली. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २००० मध्ये जगासमोर ठेवलेला ‘एसईलिनक्स’ हा पहारेकरी २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ मध्ये आला, तेव्हा तो चोर दिसला तरी फक्त वहीत नोंद करायचा. २०१४ च्या ५.० पासून तो सगळीकडे खरोखर अडवायला लागला.

पुढचं पाऊल मोठं होतं. अँड्रॉइड १२ आणि कर्नल ५.१० सोबत बाजारात आलेल्या फोनपासून कर्नलचा मुख्य भाग गूगल स्वतः बनवू लागलं. कंपन्यांनी आपापले ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बाहेरून जोडायचे. म्हणजे प्रश्नावलीचा मोठा हिस्सा एकाच ठिकाणी भरला जातो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून कर्नल व्हर्जनची ओळ बघा. तिच्यात ५.१० किंवा त्यापुढचा आकडा आणि मागे ‘अँड्रॉइड १२’, ‘अँड्रॉइड १३’ असं काही जोडलेलं दिसलं तर तो कर्नल बहुधा याच पद्धतीने बनलेला आहे. हा आकडा कर्नलच्या शाखेचा असतो, त्यामुळे फोनवरच्या अँड्रॉइडच्या आकड्याशी तो जुळला नाही तरी घाबरायचं कारण नाही.