पाठीचा कोन आणि चामड्याची सीट

सकाळी ६. यवतेश्वरचा घाट चढणारे सायकलवाले उन्हाच्या आधी निघतात, म्हणून साताऱ्यातलं माझं दुकान सहाला उघडतं. वैशाख आहे, साडेनऊनंतर घाटात थांबवत नाही. आजचा दिवस चामड्याच्या सीटचा. सकाळी इथं एका बाईंना सीट निवडून द्यायची आहे. दुपारी मिरजेत जुन्या सीटच्या सांगाड्यावर नवं चामडं चढवून घ्यायचं आणि संध्याकाळी ती सीट सांगलीत मालकांच्या सायकलला बसवायची.

सकाळी ६.३०. बाई कॉलेजात शिकवतात. गिअरची सायकल आहे, सुट्टीच्या दिवशी कासपर्यंत जातात. सातारा ते कास पंचवीसेक किलोमीटर, आणि गाव सुटताच चढ. तासाभरानं बसवत नाही, मांड्यांमध्ये बधिरपणा येतो, ही त्यांची तक्रार. सीटवर जेलचं कव्हर चढवलेलं.

"काका, याहून मऊ काही मिळेल का?"

हा प्रश्न दुकानात रोजचा आहे आणि मला त्याची चिंता वाटते, कारण दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा त्या मऊपणातच असतं. आपण सीटवर बसतो ते ढुंगणाखालच्या दोन हाडांवर. गादी फार मऊ असली की हाडं तिच्यात रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन नाजूक जागेवर दाबतो. तिथं नसा आहेत, रक्तवाहिन्या आहेत. बधिरपणा येतो तो तिथून. दाब हाडांनी घ्यायला हवा, मांसानं नाही.

मी लाकडी स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवला. त्यावर त्यांना बसवलं, पायाखाली वीट दिली म्हणजे गुडघे थोडे वर येतात, आणि हँडल धरल्यासारखं पुढं वाकायला सांगितलं. मिनिटभरानं उठल्यावर पुठ्ठ्यावर खडू आडवा फिरवला. खडू सपाट जागी लागतो, खळग्यात लागत नाही. दोन गोल खळगे उघडे पडले. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १२८ मिलिमीटर.

नुसत्या या आकड्यावर सीट घेऊ नये. सायकलवर माणूस कसा बसतो ते बघावं लागतं. बाईंना सायकलवर बसवून मी बाजूला उभा राहिलो. हँडल सीटच्या बरोबरीला, पाठ जमिनीशी साधारण ४५ अंशांत. पाठ वाकते तसं कमरेचं हाडही पुढं कलतं. मग टेकतात ती ढुंगणाखालच्या त्या दोन हाडांची पुढची, एकमेकांच्या जवळ आलेली टोकं. म्हणून वाकून चालवणाऱ्याला अरुंद सीट आणि ताठ बसणाऱ्याला रुंद. शिवाय वाकलेल्या माणसाचं वजन हात, पाय आणि सीट यांत वाटलं जातं. ताठ बसणाऱ्याचं जवळजवळ सगळं सीटवर येतं, म्हणून त्याला खाली स्प्रिंगा लागतात. घाटात स्प्रिंगा कामाच्या नाहीत, पायडलच्या प्रत्येक दाबाबरोबर त्या खालीवर होतात. रुंद सीटच्या कडा तर मांड्यांना घासून काढतात.

सकाळी ७.३०. बाईंसाठी ब्रुक्सची बी-१७ काढली. मागं १७ सेंटिमीटरच्या आसपास रुंद, स्प्रिंग नाही. जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ मध्ये बर्मिंगहॅमला घोड्यांच्या सरंजामाचा धंदा सुरू केला आणि १८८२ मध्ये सायकलच्या सीटचं पेटंट घेतलं. घोडा मेला, उसनी सायकल घेतली, तिची सीट टोचली, असं त्यामागचं कारण कंपनी सांगते. बी-१७ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजपर्यंत बनते आहे. रचना सोपी आहे: मागं लोखंडी कमान, पुढं नाकाची पट्टी आणि दोन्हींच्या मध्ये झोळीसारखं ताणलेलं जाड चामडं. आत फोम नाही, काही नाही. चामडं ज्याच्या वजनाखाली येतं त्याच्या हाडांना जागा करून देतं, आणि म्हणूनच ते मुरायला शेकडो किलोमीटर लागतात.

किंमत ऐकून बाई गप्प झाल्या. त्या पैशांत इथं साधी नवी सायकल येते. मी त्यांना आजच घ्यायला लावलं नाही. दुकानात एक वापरलेली बी-१७ ठेवली आहे, ती आठवडाभर वापरायला दिली. दुसऱ्याच्या हाडांना मुरलेली सीट पूर्ण सुख देत नाही, पण रुंदी जमते की नाही ते कळतं. आणि एवढ्या पैशांच्या वस्तूत रुंदी चुकायला नको.

बसवताना उंची आधी. टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हलका बाक राहतो. मग नाक. फोमची सीट सपाट चालते, चामड्याचं नाक मात्र मी किंचित वर ठेवतो, कारण चामडं मध्ये दबतं आणि माणूस पुढं घसरतो. घसरला की वजन हातांवर येतं आणि मनगटं दुखतात. लोक मग हँडलला दोष देतात. या सीटच्या खालच्या सळया आखूड असतात, पुढंमागं करायला फार वाव नसतो. बाईंना सीट सगळी मागं घ्यावी लागली.

सकाळी १०. दुकान पोराच्या हवाली करून एसटी धरली. पिशवीत सीटचा सांगाडा, पाने आणि तांब्याचे रिवेट.

दुपारी १२.३०. कऱ्हाडहून पलूसच्या गाडीत बसलो. मिरजेला जायला मी मुद्दाम हा रस्ता धरतो. किर्लोस्करवाडी पलूसच्या जवळच आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर ती १९१० मध्ये वसली. त्याच्या कितीतरी आधी, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं. नांगर आणि पंप नंतर आले. आमच्या धंद्यातल्या माणसाला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा.

दुपारी २.३०. मिरज. ज्यांच्याकडं काम आहे ते कोल्हापुरी चपला करतात. या चपलेला भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं. त्यात कोल्हापूरच्या जोडीला सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. चपलेचं चामडं हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावतात. सीटला असंच, झाडपाल्यानं कमावलेलं चामडं लागतं. क्रोमनं कमावलेलं मऊ पडतं, ताणलं की ताणतच जातं. म्हणून या कामासाठी मी पर्सवाल्याकडं जात नाही, चपलवाल्याकडं येतो.

"मामा, चामडं कुठलं लावलंत?"

"म्हशीचं हाय, पाठीचं. पोटाचं लावलं आसतं तर वर्षात झोळ पडला आसता."

चामडं गेल्या आठवड्यात भिजवून लाकडी फर्म्यावर चढवलेलं. सावलीत सुकून त्यानं सीटचा आकार धरला आहे. मामांनी रापीनं कड कापली. मांडी जिथं घासते तिथं आतून तासून ती पातळ केली, बोट फिरवलं, पुन्हा तासली. मग आरीनं भोकं. मी त्याआधी नाकाचा नट पूर्ण सैल करून ठेवला होता. पुढं कधी चामडं ढिलं पडलं तर ताण द्यायला तेवढी जागा राहायला हवी. आधी मागच्या कमानीवरचे रिवेट, मधून बाहेर, एक डावीकडं, एक उजवीकडं. एका बाजूचे सगळे आधी मारले तर चामडं तिरकं ओढलं जातं. शेवटी नाक. मामांनी तिथं पट्टी हातानं दाबून चामडं इतकं ओढून घेतलं की दंडाच्या शिरा उठल्या, आणि मी हातोडी मारली. टिचकी मारून पाहिली, आवाज टणक आला.

संध्याकाळी ५. सांगली. सायकल निवृत्त मास्तरांची. काळी रॅले, सेन-रॅलेच्या आसनसोलच्या कारखान्यातली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती घरात काही दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी सगळ्या सामानाबरोबर ती कडक उन्हात ठेवली. भिजलेलं चामडं उन्हात वाळवलं की आकसतं, कडक होतं आणि तडकतं. स्प्रिंगा मात्र रॉकेलमध्ये ठेवून घासल्यावर चांगल्या निघाल्या.

मास्तर ताठ बसतात. हँडल सीटच्या वर, पाठ जवळजवळ उभी, रस्ता सपाट. घर ते बाजार, बाजार ते गणपती मंदिर. त्यांना वीस सेंटिमीटरच्या वर रुंद, स्प्रिंगांची सीट हवी, आणि जुनी सीट तशीच होती. म्हणून तोच सांगाडा वाचवला. अशा सायकलचा सीट-पाइप वर सरळ असतो आणि सीट वेगळ्या क्लिपनं धरली जाते. आजच्या गिअरच्या सायकलला ती बसत नाही. ब्रुक्सही म्हणूनच बी-६६ जुन्या क्लिपसाठी आणि तिच्याच मापाची बी-६७ नव्या पाइपसाठी बनवते. नवी सीट मागवणाऱ्यानं आधी आपला पाइप बघावा.

संध्याकाळी ६.३०. मास्तर हरिपूर रस्त्यानं फेरी मारून आले. उतरले आणि म्हणाले, "कडक आहे, पण टोचत नाही." मी क्लिपच्या एका दातानं नाक वर घेतलं, पुन्हा पाठवलं. या खेपेला ते उशिरा परतले.

काळजी कशी घ्यायची ते त्यांच्या सुनेला सांगितलं, कारण सायकल पुसतात त्या. मेण आणि चरबीचं मलम वर्षातून दोनदा, पातळ. एरंडेल किंवा गोडेतेल ओतायचं नाही, चामडं लुळं पडतं. पावसात सीटवर पिशवी आणि मागच्या चाकाला पूर्ण मडगार्ड, कारण पाणी खालून जास्त उडतं. भिजलीच तर सावलीत वाळवायची, आणि वाळेपर्यंत कुणी बसायचं नाही. नटाला हात लावायचा नाही. झोळ दिसला तर मी येऊन पाव फेरा देईन.

संध्याकाळी ७.३०. निघताना मास्तरांचा नातू म्हणाला, "काका, जूनपासून मी साताऱ्याला शिकायला येतोय. आजोबांची सीट काढून माझ्या सायकलला लावून देता का?"

त्याची सायकल बघितली. हँडल सीटच्या खाली, पाठ मास्तरांपेक्षा कितीतरी जास्त वाकलेली, आणि तो यवतेश्वर चढणार. त्याला म्हटलं, ती इथंच राहू दे. साताऱ्याला आलास की सायकल घेऊन सकाळी सहाला ये, आधी पुठ्ठ्यावर बस, मग बघू.