लग्नात डीजे अन् कडेवर तीन महिन्यांचं बाळ : न्यावं की नाही?

बऱ्हाणपूर : आखाजीला लेक माहेरी येते, त्याच सुमारास लग्नाच्या तिथीही असतात. रावेर, मुक्ताईनगर, भुसावळकडून आलेल्या लेकीच्या कडेवर तान्हं बाळ असलं की घरात वाद ठरलेलाच. आजी म्हणते, सव्वा महिना झाला, आता काय हरकत? आई म्हणते, डीजे आहे.

आधी आवाजाचं बघू. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची. वरातीत डीजेजवळ आवाज सहज १०० च्या वर जातो. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेतल्या नायॉश संस्थेचा हिशेब असा : ८५ डेसिबलला ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास! तोही मोठ्या माणसाला. बाळाच्या कानाची नळी लहान, त्यामुळे आत पोचणारा दाब जास्त. शिवाय त्याला ना कान झाकता येत, ना उठून जाता येत. डीजेत बाळ झोपलं म्हणजे त्याला त्रास नाही, हा गैरसमज आहे. झोपेत कान बंद होत नाहीत. कापसाच्या बोळ्याने फार फरक पडत नाही. बाहेरून कान झाकणारे मफ्स त्यापेक्षा बरे, पण खरा उपाय अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. वरात सोडून थेट मंगलाष्टकांना गेलं तर कोणी रुसत नाही.

दुसरी गोष्ट गर्दीची. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला जपण्यामागे शहाणपण होतंच, पण लसींचं गणित वेगळं आहे. पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस दीड महिन्याला, पुढचे १० आणि १४ आठवड्यांना. म्हणजे आजीच्या हिशेबाने बाळ बाहेर पडायला मोकळं होतं, तेव्हा हा पहिला डोसही झालेला नसतो. गोवर-रुबेलाची लस तर ९ महिने पूर्ण झाल्यावर. गोवराचा विषाणू बंद जागेत, रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. २०२२ मध्ये मुंबई आणि मालेगावात गोवराची साथ आली होती, ती अनेकांच्या लक्षात असेल. लसीकरणाचं वेळापत्रक दोन्ही राज्यांत तेच आहे. रावेरचं कार्ड सोबत आणलं तर माहेरपणात आलेला डोस चुकवायचं कारण नाही.

मग घरातच बसायचं का? तसंही नाही. महिनोन् महिने चार भिंतींत असलेल्या आईलाही माणसं हवी असतात. घरची हळद, सकाळचा साखरपुडा, उघड्या मांडवातली वरण-बट्टीची पंगत, इथे तासभर जायला हरकत नाही. फक्त बाळ या हातातून त्या हातात फिरवू नये, मुके घेऊ देऊ नयेत, सर्दीवाल्या पाहुण्याला लांबूनच नमस्कार. कौतुकाने बोटाने पेढा किंवा मध चाटवणाऱ्या मावश्यांना मात्र स्पष्ट नाही म्हणावं. वर्षाच्या आत मध धोक्याचा, अन् सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. अंगावरचं दूध जास्त वेळा पाजावं. मंगल कार्यालयात नवरीला खोली मिळते, लेकुरवाळीला नाही. यजमानांनी एक खोली राखून ठेवली तर निम्मी अडचण सुटेल.

लग्नाहून आल्यावर तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ अंशांच्या वर गेला (३८ सेल्सिअस), तर घरचं औषध देत सकाळची वाट बघू नये, लगेच दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळते.