घर घेण्यापूर्वीची वही



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. ती ज्यांनी केली त्यांच्या आयुष्यात या दोन अनुभवांमध्ये पुष्कळ वर्षांचे अंतर असे. लग्न विशीत व्हावयाचे; घर व्हावयाचे झालेच तर निवृत्तीच्या वेळी, फंडाचे पैसे हाती आल्यावर. पगारदार माणसाला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या संस्था त्या काळी जवळजवळ नव्हत्या. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली एच.डी.एफ.सी. स्थापन केली आणि १९८८ साली राष्ट्रीय गृहनिर्माण बँक निघाली. पुढे इतर बँकाही या व्यवहारात उतरल्या. परिणाम असा झाला की म्हणीतील दोन्ही अनुभव आता दोन-तीन वर्षांच्या आत येतात. लग्नाची उधारी फिटली नाही तोच तरुण जोडपे प्लॉट पाहू लागते.

यात वाईट काही नाही. परंतु पूर्वी माणूस साठवलेल्या पैशातून घर बांधीत असे; आज तो न मिळवलेल्या पैशातून, म्हणजे पुढील वीस वर्षांच्या पगारातून, घर घेतो. म्हणून हिशेब आधी करणे भाग आहे. तो कसा करावा एवढाच आजचा विषय आहे.

आपल्या मुदखेडचेच एक जोडपे कल्पनेने घेऊ. नवरा रोज गाडीने नांदेडला एका कार्यालयात जातो. पगार हाती येतो ३४,००० रुपये. बायको गावातील खासगी शाळेत शिकवते. तिला १६,००० मिळतात. एकूण ५०,००० झाले. घरभाडे ६,०००, वाणसामान, भाजी, दूध, गॅस ११,०००, प्रवास ३,०००, वीज आणि फोन १,५००, गावी आईवडिलांना ५,०००, विमा २,०००, औषधपाणी १,५००, कपडे, सणवार, आहेर ४,०००. बेरीज ३४,००० होते आणि १६,००० उरतात. हे आकडे प्रत्येकाचे निराळे असतील. परंतु खाती हीच राहतील. यांतील आईवडिलांचे पैसे आणि आहेर ही दोन खाती तरुण मंडळी नेहमी विसरतात. वैशाखात चार लग्ने आली की ती आपोआप आठवतात! म्हणून अंदाजावर न जाता तीन महिने, आणि शक्य तर एक लग्नसराई धरून, रोजचा खर्च वहीत लिहावा. वही दोघांनी लिहावी. एकाने लिहिलेली वही दुसऱ्याला पहाऱ्यासारखी वाटते.

आता हे जोडपे बँकेत जाते. बँका साधारणतः उत्पन्नाच्या चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत हप्ता धरतात. निम्मे उत्पन्न म्हणजे २५,०००. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर एक लाखाला महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. त्या हिशेबाने या दोघांना २८ लाखांहून अधिक कर्ज मिळू शकेल असे दिसते. येथेच आनंद होतो आणि येथेच चूक होते. बँक आपणास किती देईल हा एक प्रश्न आहे. आपण किती घ्यावे हा अगदी दुसरा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर बँकेच्या कागदावर मिळते, दुसऱ्याचे आपल्या वहीत.

वहीला एक प्रश्न विचारावा. दोन पगारांपैकी एक थांबला तर? घरात मूल येईल, कोणी आजारी पडेल, खासगी शाळेतील नोकरी जाईल. यांत अघटित असे काही नाही. बायकोचा पगार थांबला तर ३४,००० उरतात. भाडे वजा जाता या घरचा खर्च २८,००० आहे. आहेर, कपडे, प्रवास यांत हात आखडून तो फार तर २३,००० वर येईल. हप्त्यासाठी ११,००० उरले. वरच्याच दराने १२ लाखांचा हप्ता १०,४१४ रुपये होतो. म्हणजे बँकेचे उत्तर २८ लाख आणि वहीचे उत्तर १२ लाख! या दोन आकड्यांमधील अंतरातच कित्येक संसारांची झोप उडते.

ज्यांचे उत्पन्न महिन्याच्या पगाराचे नाही, त्यांनी याहून जपून चालावे. आपल्या भागात फुलांची शेती आहे. दसरा-दिवाळीला आणि लग्नसराईत फुलाला जो भाव येतो तो एरवी येत नाही. हप्ता मात्र आषाढातही तेवढाच राहतो. अशा घरांनी सरासरी उत्पन्नावर हिशेब न करता वर्षातील सर्वांत वाईट महिना धरावा. आणि ज्यांची नोकरी बदलीची आहे, रेल्वेत अथवा केंद्रीय राखीव पोलीस दलात, त्यांनी आधी हे ठरवावे की घर राहण्यासाठी घ्यावयाचे की निवृत्तीनंतर परत येण्यासाठी. दुसरे असेल तर घाईचे कारणच उरत नाही.

व्याजाचे गणितही एकदा हाताने करून पाहावे. २० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता १७,३५६ रुपये. पहिल्या महिन्यात त्यांतील १४,१६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते अवघे ३,१८९. वर्षभरात दोन लाख आठ हजार भरून मुद्दल सुमारे चाळीस हजारांनीच कमी होते. वीस वर्षांत एकूण ४१ लाख ६५ हजार भरावे लागतात. तेच कर्ज पंधरा वर्षांत फेडले तर हप्ता १९,६९५ होतो, परंतु एकूण सव्वासहा लाखांच्या जवळपास वाचतात.

दरही कायम राहत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरील दराशी बांधलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. पुष्कळांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत वाढली. आणि हप्ता वाढला नाही म्हणून त्यांच्या ते ध्यानातही आले नाही. म्हणून हिशेब करताना दर दोन टक्क्यांनी चढेल असे धरावे. १२ लाखांवर त्यामुळे हप्ता सुमारे १,५७० रुपयांनी वाढेल. उलट बाजूही सांगितली पाहिजे. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या दराचे असल्यास ते मुदतीपूर्वी फेडण्यासाठी दंड आकारता येत नाही. १२ लाखांच्या कर्जावर दरमहा पाच हजार जास्त भरले तर वीस वर्षांचे कर्ज साडेनऊ वर्षांत संपते.

आता घराची किंमत. समजा, घर १८ लाखांचे आहे. १२ लाख कर्जाचे, ६ लाख स्वतःचे. त्याखेरीज मुद्रांक शुल्क, त्यावरील अधिभार आणि एक टक्का नोंदणी फी मिळून सात टक्के वेगळे धरावेत. ते सव्वा लाख झाले. घर दहा लाखांहून अधिक किंमतीचे असेल तर हा खर्च बँक घराच्या किंमतीत धरीत नाही. वकिलाचा शोध अहवाल, बँकेची फी, विजेचे मीटर, पंखे, सामानाची ने-आण यांना पाऊण लाख. आणि अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च हप्त्यासह बाजूला हवा. तो सव्वादोन लाखांच्या वर जातो. एकूण सव्वादहा लाखांहून थोडे अधिक हवेत. आपले जोडपे दरमहा १६,००० बँकेत आवर्त ठेवीत टाकील तर पाच वर्षांत व्याजासह सुमारे ११ लाख होतील.

‘पाच वर्षांत घराचे भाव चढतील त्याचे काय?’ हा प्रश्न कोणीही विचारील आणि तो रास्त आहे. भाव चढतील, पगारही काही चढेल. भाव पुढे निघून गेलेच तर घर एका खोलीने लहान घ्यावे. लहान घर वाढविता येते, मोठे कर्ज मात्र आपल्या सोयीने लहान होत नाही. सवलतींचाही विचार करावा. बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात, ज्यांचे देशात कोठेही पक्के घर नाही अशा मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी व्याजाचे अनुदान आहे. अर्ज अवश्य करावा. परंतु मंजुरी हाती येईपर्यंत ते पैसे वहीत जमा धरू नयेत.

प्लॉट घेऊन बांधणाऱ्यांना दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या पाहिजेत. पहिली कागदाची. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेली ‘खरेदी’ ही खरेदी नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये व त्यावरील किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या खरेदीखतानेच होते. आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. येथे इनामी जमिनी पुष्कळ, आणि त्यांच्या हस्तांतरावर बंधने असतात. सातबारावरील भोगवटादाराचा वर्ग, जुने फेरफार आणि मंजूर रेखांकन पाहिल्याशिवाय मोठा इसार देऊ नये. प्लॉट स्वस्त का आहे, याचे उत्तर बहुधा या कागदांत सापडते.

दुसरी गोष्ट मातीची. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर चार वर्षांत भिंतींना तडे जातात. तेव्हा प्लॉटची किंमत विचारताना मुरूम किती खोल आहे, हेही विचारावे. स्वस्त प्लॉटवरील पाया पुष्कळदा महाग पडतो. पैसे कमी पडले की माणूस नेमकी न दिसणाऱ्या ठिकाणी काटछाट करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झाले ते लातूर-नांदेडच्या माणसाला सांगावयास नको. दगडमातीच्या जड भिंती आणि त्यांवर मातीचे जाड माळवद. हजारो माणसे आपल्याच घराखाली गेली. फरशी साधी चालेल, रंग पुढल्या वर्षी देता येईल, एक खोली मागाहून काढता येईल. पाया, कॉलम आणि सळई यांतून एक रुपयाही कमी करू नये.

शेवटी एक नाजूक विषय. बायकोचा पगार घरात जातो, प्रसंगी तिचे दागिने जातात आणि खरेदीखतावर नाव मात्र एकट्या नवऱ्याचे असते. हे न्यायाचे नाही. २०२१ पासून महाराष्ट्रात राहते घर केवळ स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. संयुक्त नावाला ती नाही. परंतु टक्क्यासाठी नाव ठरवू नये. ज्याचे कष्ट, त्याचे नाव, मग एक असो की दोन, हे आधी बोलून ठरवावे. दागिने मोडावयाचे की नाही, हे जिचे आहेत तिनेच सांगावे.

आणि हे सारे ठरल्यावर घर घेण्यापूर्वी एक वर्ष तालीम करावी. होणाऱ्या हप्त्यातून भाडे वजा जाता जी रक्कम उरते, ती दर महिन्याच्या पाच तारखेला वेगळ्या खात्यात टाकावी आणि तिला काही झाले तरी हात लावू नये. बारापैकी बारा महिने जमले तर घर घ्यावे. तीन महिने चुकले तर वही पुन्हा उघडावी. बँकेचा हप्ता चुकला तर नोटीस येते. तालमीतला चुकला तर फक्त दोघांत थोडी बोलाचाली होते, आणि ती घर घेण्यापूर्वी झालेली बरी.