मेंदूची तटबंदी आणि ती पोखरणारी विकरे

दरवर्षीच्या अहवालात एखाद्या आजाराची शास्त्रीय माहिती वाचकांपुढे ठेवावी, असा आमचा परिपाठ आहे. यंदा आम्ही मेनिन्जायटिस, म्हणजेच मेंदूच्या आवरणाचा दाह, हा विषय निवडला आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतून येणाऱ्या अशा रुग्णांचे आप्त बहुधा एकच प्रश्न विचारतात : साधा ताप होता, मग शुद्ध कशी हरपली?

इ. स. 1885 मध्ये पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्य सोडले, तेव्हा इतर अवयव रंगले. मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी परस्परांशी घट्ट सांधलेल्या असतात आणि त्यांना बाहेरून कोलॅजेनयुक्त अस्तराचा आधार असतो. हीच मेंदूची तटबंदी होय.

जंतुसंसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला की त्याच्याशी लढण्यासाठी पांढऱ्या पेशी तेथे जमतात. त्यांच्यापासून मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज या जातीची विकरे स्रवतात. त्यांपैकी एमएमपी-9 हे विशेष महत्त्वाचे. ही विकरे मुळात शत्रू नव्हेत. जखम भरून येण्यास ती साहाय्यच करतात आणि त्यांना आवर घालणारी प्रथिनेही शरीरात असतात. मेनिन्जायटिसमध्ये मात्र हा तोल ढळतो. विकरे कोलॅजेनचे अस्तर कापतात, पेशींचे सांधे सैल होतात आणि रक्तातील पाणी व प्रथिने मेंदूत झिरपतात. कवटी ताणली जात नसल्याने आतील दाब वाढतो. उलट्या, गुंगी व बेशुद्धी ही त्याचीच लक्षणे. म्हणजे हानी केवळ जंतू करीत नाहीत. त्यांच्याशी चाललेल्या लढाईतही मेंदू होरपळतो.

म्हणूनच जंतुनाशक औषधांच्या जोडीला अनेकदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले जाते. क्षयजन्य मेनिन्जायटिसच्या 545 रुग्णांवर व्हिएतनाममध्ये झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या औषधाने मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे दिसले. वाचलेल्यांचे अपंगत्व मात्र त्याने घटले नाही. पुढे त्यांतील काही रुग्णांच्या तपासणीत मस्तिष्कद्रवातील एमएमपी-9 सुरुवातीच्या दिवसांत कमी झाल्याचे आढळले. तथापि तटबंदी सावरू लागली की व्हँकोमायसिनसारखी काही औषधेही मेंदूत कमी पोहोचतात. त्यामुळे स्टेरॉइड केव्हा, किती व कोणास द्यावे, हा निर्णय तज्ज्ञांचाच असला पाहिजे.

निदानासाठी पाठीच्या कण्यातून मस्तिष्कद्रव काढावा लागतो. झिरपलेल्या प्रथिनांमुळे त्यात प्रथिनांचे प्रमाण वाढलेले दिसते. आपल्या विदर्भातच, नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस येथील संशोधकांनी याच द्रवातील अडेनोसिन डीअमायनेज या दुसऱ्या एका विकराची मोजणी क्षयजन्य मेनिन्जायटिसच्या लवकर निदानास पूरक ठरते, असे 2006 साली मांडले. हे विकर तटबंदी फोडणारे नव्हे, तर रोगाची खूण सांगणारे आहे.

"पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा पडतो" या समजुतीपायी अनेक कुटुंबे संमती देण्यास कचरतात आणि मोलाचे तास निघून जातात. आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खालीच सुई घातली जाते. तत्पूर्वी मेंदूतील दाब धोकादायक नाही ना, याचीही डॉक्टर खातरजमा करतात. लुळेपणाचे खरे भय सुईचे नाही, विलंबाचे आहे.

ताप, तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, उलट्या व गुंगी. तान्ह्या बाळाने दूध सोडणे वा त्याची टाळू फुगणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. क्षयजन्य प्रकारात ही लक्षणे हळूहळू, आठवडा-दोन आठवड्यांत वाढतात, म्हणून रेंगाळणाऱ्या तापाकडेही दुर्लक्ष नको. बालकांना बीसीजी व न्यूमोकोकल लस वेळेवर द्यावी. मेळघाटातील पाड्यापासून अकोटच्या शिवारापर्यंत एवढा निरोप पोहोचविण्यास आमच्या हितचिंतकांनी हातभार लावावा, ही विनंती.