शीव कोळीवाडा : हद्दीवरची पायी भटकंती

'शीव' म्हणजे गावाची हद्द. ब्रिटिशांची मुंबई आणि पोर्तुगीजांच्या ताब्यातील साष्टी बेट यांच्यामधील सीमा एके काळी येथे असल्याने हे नाव रूढ झाले आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचे 'सायन' झाले.  या हद्दीची खूण आजही टेकडीवर उभी आहे.

भटकंतीचा आरंभ हार्बर मार्गावरील गुरू तेग बहादूर नगर स्थानकापासून करावा. या स्थानकाचे पूर्वीचे नाव कोळीवाडा, अर्थात मासेमारीवर जगणाऱ्या कोळी समाजाची वस्ती. 1947 च्या फाळणीनंतर येथे पंजाबी निर्वासित वसले आणि मसालेदार बेसनात घोळून तळलेली 'कोळंबी कोळीवाडा' याच परिसराचे नाव घेऊन देशभरच्या उपाहारगृहांत पोहोचली. दोन समाजांच्या शेजाराची इतकी चविष्ट खूण मुंबईत क्वचितच आढळते.

तेथून शीव स्थानकाच्या दिशेने चालत गेल्यास जवाहरलाल नेहरू उद्यान लागते आणि त्यामागील पायऱ्या शीवच्या किल्ल्यावर नेतात. गव्हर्नर जेराल्ड आँजियर याच्या कारकिर्दीत, 1669 ते 1677 या काळात, ईस्ट इंडिया कंपनीने बांधलेला हा किल्ला म्हणजे वस्तुतः खाडीपलीकडे नजर ठेवणारे पहाऱ्याचे ठाणे होते. धारावीतील काळा किल्ला हा याच संरक्षक साखळीचा दुवा असल्याने तोही पाहावा.

शीवच्या किल्ल्याची पडझड झाली आहे. म्हणून तेथे जाणाऱ्यांनी भिंतींवर नावे कोरू नयेत आणि कचरा सोबत परत न्यावा.